मैदान कंपनीचं

कन्सोलवरच्या शूटर खेळांविषयी लिहिणारे बहुतेक जण बंदुका, ग्राफिक्स आणि कथानक यांच्यापाशीच थांबतात. मला या प्रकाराची खरी कमाई दुसरीकडेच दिसते. एकमेकांना कधीही न भेटलेल्या आठ-सोळा माणसांना एका मैदानात आणायचं आणि त्यांचा खेळ रंगेल अशी व्यवस्था लावायची, हे काम या खेळांनी जसं केलं तसं आधी कुणी केलं नव्हतं. ती व्यवस्था २००४ मध्ये बसली, २००७ मध्ये तिने वळण घेतलं आणि पुढे ज्या धंद्याने ती उभारली त्यानेच ती मोडीत काढली.

सुरुवात एका घरात, एका टीव्हीवर झाली. ऑगस्ट १९९७ मध्ये निन्टेन्डो ६४ वर आलेला रेअर कंपनीचा ‘गोल्डनआय ००७’ हा मुळात एकट्याने खेळायचा खेळ. चौघांनी एकत्र खेळायची सोय त्यात अगदी शेवटच्या टप्प्यात घुसवली गेली आणि तेच काम लोकांच्या लक्षात राहिलं. पडद्याचे चार तुकडे, प्रत्येकाला एक. शेजारच्याच्या चौकोनात डोकावून त्याचा ठावठिकाणा काढणं ही लबाडी होती, पण ती सगळेच करत, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

इंटरनेटवर मात्र तेव्हा राज्य होतं पीसीवाल्यांचं. कन्सोलला ना कीबोर्ड, ना हार्ड डिस्क, ना नेटवर्कची सवय. सेगाने ड्रीमकास्टमध्ये मोडेम बसवूनच दिला, २००० मध्ये त्यावर ‘क्वेक ३ अरीना’ डायल-अपवर चालवून दाखवला आणि मार्च २००१ मध्ये कन्सोल बनवणंच थांबवलं. विचार बरोबर होता, पण पदरी पैसा नव्हता.

मायक्रोसॉफ्टकडे तो होता. १५ नोव्हेंबर २००१ रोजी आलेल्या एक्सबॉक्सला पाठीमागे इथरनेटचं तोंड होतं, पण ते जोडायचं कशाला याचं उत्तर कंपनीने बरोबर एका वर्षाने दिलं. मधल्या काळात ‘हॅलो’ हा एक्सबॉक्सवरचा शूटर खेळायचा तर चार कन्सोल, चार टीव्ही आणि केबलची भेंडोळी घेऊन सोळा जणांनी एका घरात जमायचं. काही हिकमती लोकांनी यावर तोड काढली. पीसीवरचं सॉफ्टवेअर कन्सोलला सांगे की समोरचा एक्सबॉक्स याच घरात आहे. प्रत्यक्षात तो दुसऱ्या राज्यात असे. ऑनलाइन हॅलोचा पहिला अध्याय असा खेळाडूंनीच लिहिला, कंपनी मागाहून आली.

१५ नोव्हेंबर २००२ ला एक्सबॉक्स लाइव्ह सुरू झालं तेव्हा त्यातले तीन निर्णय उद्धट वाटावेत इतके ठाम होते. फक्त ब्रॉडबँड चालेल, डायल-अप नाही. अमेरिकेतल्या इंटरनेट असलेल्या बहुतेक घरांत तेव्हा डायल-अपच होतं. सगळ्या खेळांत तुमचं नाव एकच आणि मित्रांची यादीही एकच. आणि सुरुवातीच्या संचातच हेडसेट. सोनीने प्लेस्टेशन २ साठी नेटवर्क अडॅप्टर वेगळा विकला आणि सर्व्हरची जबाबदारी ज्याच्या त्याच्या गळ्यात टाकली. तशातही झिपर इंटरॅक्टिव्हचा ‘सोकॉम’ गाजला. पण सोकॉममध्ये जमलेला मित्र दुसऱ्या खेळात भेटेलच याची खात्री नव्हती.

मग ९ नोव्हेंबर २००४ ला बंजीचा ‘हॅलो २’ आला. पहिल्या दिवसाची विक्री साडेबारा कोटी डॉलरची, पण तो आकडा विसरला तरी चालेल. लक्षात ठेवायचा तो त्यातला मेनू. तोपर्यंत ऑनलाइन खेळायचं म्हणजे सर्व्हरची लांबलचक यादी उघडायची, पिंग (सर्व्हरपर्यंतचा विलंब) बघायचा, जागा आहे का बघायची आणि नशिबावर हवाला ठेवायचा. मॅक्स हॉबरमन यांच्या हाताखालच्या गटाने ती यादीच काढून टाकली. तुम्ही फक्त खेळाचा प्रकार निवडायचा. तुमच्या तोडीचे प्रतिस्पर्धी शोधणं हे यंत्राचं काम. मित्र बरोबर असतील तर सगळी टोळी एका सामन्यातून दुसऱ्यात एकत्रच जाणार. आज प्रत्येक खेळात हेच दिसतं, म्हणून त्यातलं नवेपण कळत नाही.

त्याची किंमतही होती. यादीतल्या सर्व्हरला मालक असे, नेहमीची मंडळी असत, तिथले नियम असत, आगाऊपणा करणाऱ्याला हाकलता येई. थोडक्यात, तो एक अड्डा होता. यंत्राने रोज नवी माणसं समोर बसवायला सुरुवात केली आणि अड्डा गेला. पुढे झालेल्या नुकसानाचं बीज हॅलो २ नेच पेरलं, हे त्याच्या चाहत्यांना आवडत नाही. पण ते खरं आहे.

तरीही बंजीने त्या बदल्यात काहीतरी दिलं होतं. ‘लॉकआउट’ हा नकाशा घ्या. बर्फाळ कड्यावर दरीवर तोललेले मनोरे, त्यांना जोडणारे अरुंद मार्ग, आणि खालून वर फेकणारी एक लिफ्ट. एका मनोऱ्यावर स्नायपर, दुसऱ्यावर बॅटल रायफल. चार विरुद्ध चार. खेळातला आवाज अंतरावर अवलंबून होता: जवळ आलेला शत्रू बोलत असेल तर त्याचं बोलणं तुमच्या कानावर पडे आणि तुमचं त्याच्या. लांबच्या साथीदाराला हाक मारायची तर कंट्रोलरवरचं पांढरं बटण दाबायचं. त्यामुळे कोपऱ्याआड दबा धरून बसलेला माणूस गप्प राहायला शिके आणि बडबड्या माणूस मरे. आवाज हाच डावपेच झाला. आणि सामना संपल्यावर दोन्ही बाजू लॉबीत, म्हणजे दोन सामन्यांमधल्या प्रतीक्षाखोलीत, समोरासमोर येत. तिथे शाबासकी, कुरकुर आणि पुन्हा एकदा होऊन जाऊ दे म्हणून आव्हान. शिव्याही येत, त्याकडे येतोच.

आणखी एक गोष्ट या नकाशांत मुरलेली होती. हॅलोत सगळे जण समान हत्यारं घेऊन उतरत. रॉकेट लाँचर, तलवार, स्नायपर ही भारी हत्यारं मैदानातच ठरावीक जागी पडलेली असत आणि ठरावीक वेळाने पुन्हा उगवत. म्हणजे भांडण माणसाशी असलं तरी ते जागेसाठी आणि वेळेसाठी असे. गल्ली क्रिकेटमध्ये एकच चांगली बॅट असते आणि जो खेळतो त्याच्या हातात ती येते, तसा हा मामला. नोव्हेंबर २००७ मध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी ४: मॉडर्न वॉरफेअर’ने सांगितलं, बॅट ज्याने त्याने घरून आणा.

इन्फिनिटी वॉर्डच्या या खेळाला कमी लेखण्याचा माझा मुळीच इरादा नाही. सेकंदाला साठ चित्रांचा तो वेग आणि बंदुकीचा तो नेमका प्रतिसाद कन्सोलवर तोवर दुर्मिळ होता. पण त्याने खेळाचं केंद्रच हलवलं. मारा, गुण मिळवा, पातळी चढा, नवी बंदूक उघडा, तिला दुर्बीण लावा. सलग तिघांना मारलं की रडार, पाच झाले की हवाई हल्ला, सात झाले की हेलिकॉप्टर. मरतानाही सूड उगवायची सोय: ‘मार्टरडम’ निवडलं असेल तर तुमच्या प्रेतातून ग्रेनेड घरंगळे. पंचावन्न पातळ्या चढून गेल्यावर ‘प्रेस्टिज’ घ्यायचं, म्हणजे कमावलेलं सगळं सोडून एका बिल्ल्यासाठी पहिल्यापासून सुरुवात. लाखो लोकांनी हे हौसेने केलं. सामना हरलात तरी खात्यात गुण जमा होतच, त्यामुळे हरण्याची बोच कमी झाली आणि जिंकण्याची चवही. त्या दिवसापासून खेळाडू सामन्यासाठी खेळेनासा झाला. तो खात्यासाठी खेळू लागला. पुढचे सीझन पास, रोजची कामं आणि पैसे मोजून घ्यायचे पोशाख ही सगळी या एका खातेवहीची पिल्लावळ आहे.

दुसरा बदल कुणाच्या फारसा लक्षात आला नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये एक्सबॉक्स ३६० च्या अपडेटने आठ मित्रांना खासगी गप्पांची सोय दिली. आता कुठलाही खेळ खेळताना आपापल्या टोळीशी बोलता येई, आणि लॉबीत शांतता पसरू लागली. याचं दुःख करताना एक विसरू नये. त्या खुल्या माइकवर वंशद्वेषी शेरे, समलिंगींना शिव्या, बाईचा आवाज ऐकला की तुटून पडणं, हे रोजचं होतं. अनेकांसाठी तो आवाज बंद करणं म्हणजे सुटकाच होती. कंपन्यांनी लॉबीची राखण करण्याऐवजी प्रत्येकाला स्वतंत्र खोली देऊन टाकली. राखणीला माणसं लागतात आणि माणसांना पगार द्यावा लागतो.

नंतरची वर्षं प्रयोगांची होती आणि त्यातले काही चांगले होते. ‘गिअर्स ऑफ वॉर २’ने लाटांमागून लाटा अंगावर घेत एकत्र लढायचा ‘होर्ड’ प्रकार रुजवला. प्लेस्टेशन ३ वरच्या ‘मॅग’ने २०१० मध्ये एका सामन्यात २५६ माणसं उतरवून दाखवली. ‘डेस्टिनी’, ‘ओव्हरवॉच’ आले. २०१७ मध्ये ‘फोर्टनाइट’ फुकट झाला आणि वर्षभरात त्याच्या दबावाखाली सोनीला इतर कन्सोलवाल्यांबरोबर एकत्र खेळण्याचं दार उघडावं लागलं.

याच काळात घरातला पडद्याचा तुकडाही गेला. २०१५ च्या ‘हॅलो ५’मध्ये एका टीव्हीवर दोघांनी खेळायची सोयच नव्हती. ओरड झाल्यावर पुढच्या प्रत्येक हॅलोत ती असेल असा शब्द दिला गेला; २०२२ मध्ये ‘हॅलो इन्फिनिट’च्या मोहिमेपुरता तो शब्द मोडला.

मॅचमेकिंगचं, म्हणजे कुणाला कुणासमोर आणायचं याचं, गणित तर आता खेळाडूंच्या रोजच्या भांडणाचा विषय आहे. मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधल्या संशोधकांनी बनवलेल्या ‘ट्रूस्किल’पासून ते चालत आलं. तुल्यबळ माणसं समोरासमोर यावीत हा हेतू चुकीचा नाही. नवख्याला दर सामन्यात तुडवलं तर तो चौथ्या दिवशी येणार नाही. पण कॉल ऑफ ड्यूटीने २०१९ पासून प्रत्येक सामन्यानंतर लॉबीच विसर्जित करायला सुरुवात केली, कारण पुढच्या सामन्यासाठी मांडणी पुन्हा तोलायची होती. ज्याने आत्ताच तुम्हाला धूळ चारली, त्याला परत गाठायची संधी गेली. वैर नाही, ओळख नाही, हिशेब चुकता करणं नाही. २०२५ च्या ‘ब्लॅक ऑप्स ७’मध्ये लॉबी टिकवण्याचा आणि कौशल्याचा निकष सैल करण्याचा निर्णय झाला, म्हणजे तक्रारीत तथ्य होतं, हे त्यांनीही मान्य केलं म्हणायचं.

आपल्याकडे या इतिहासाचा बराचसा भाग घडलाच नाही. एक्सबॉक्स ३६० भारतात अधिकृतपणे सप्टेंबर २००६ मध्ये आला, तोवर हॅलो २ जुना झाला होता. पुण्या-मुंबईतल्या पोरांचं शूटर खेळणं कॅफेतल्या पीसीवर ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये झालं आणि नंतर थेट मोबाइलवर. पण ‘पबजी मोबाइल’, आणि सप्टेंबर २०२० च्या बंदीनंतर ‘बीजीएमआय’ खेळणारा साताऱ्याचा मुलगा चार मित्रांचा स्क्वॉड जमवतो, माइक चालू करतो, कांस्य ते कॉन्करर अशी शिडी चढतो आणि सीझनच्या पाससाठी आईकडे पैसे मागतो, तेव्हा तो कन्सोलचाच वारसा चालवत असतो. टोळी हॅलोची, शिडी आणि खातं कॉल ऑफ ड्यूटीचं. कन्सोल त्याने हातात धरलेलाही नसेल.

राहिला हे खेळ जतन करण्याचा प्रश्न, आणि मला तो सगळ्यात गंभीर वाटतो. हॅलो २ चे सामने कंपनीच्या सर्व्हरवर चालत नसत. खेळाडूंपैकी एकाचा एक्सबॉक्सच यजमान होई. मायक्रोसॉफ्टची सेवा फक्त गाठ घालून देई. म्हणूनच १५ एप्रिल २०१० ला सेवा बंद झाल्यावरही ज्यांनी कन्सोल बंद केला नाही, असे मूठभर लोक मे उजाडला तरी खेळत राहिले. आणि म्हणूनच आज ‘इन्सिग्निया’सारखा हौशी प्रकल्प जुन्या एक्सबॉक्सचे अनेक खेळ पुन्हा ऑनलाइन आणू शकतो. जिथे सामनाच कंपनीच्या यंत्रावर चालतो तिथे हे फार अवघड. २५६ जणांचा ‘मॅग’ जानेवारी २०१४ मध्ये बंद झाला. त्याची तबकडी अजून जुन्या बाजारात मिळते, तिचा उपयोग काही नाही. पहिला ‘ओव्हरवॉच’ २०२२ मध्ये काढून घेतला. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला गेला. तिथे निदान पैसे तरी परत केले.

चित्रपटाच्या अभ्यासकाला जुनी रीळ कुठेतरी सापडते. या कलेच्या अभ्यासकाला व्हिडिओवर भागवावं लागतं, आणि चित्रीकरणात लॉकआउटवरचा तो कोपऱ्याआडचा आवाज कुणी कुणाला ऐकवला, हे कळत नाही. ‘द क्रू’ हा गाड्यांचा खेळ युबिसॉफ्टने मार्च २०२४ अखेर बंद केल्यावर यूट्यूबर रॉस स्कॉट यांनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ उभी केली, आणि युरोपातल्या नागरिक-याचिकेवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. त्यांची मागणी साधी आहे: सर्व्हर कायम चालवा असं कुणी म्हणत नाही, पण बंद करताना विकलेला खेळ चालू शकेल अशा अवस्थेत सोडा. सर्व्हरचं सॉफ्टवेअर खेळाडूंच्या हवाली करणं हा त्यातला सरळ मार्ग. कंपन्या म्हणतात हे महागात पडेल. आधीपासून तशी रचना केली तर पडणार नाही. २००४ चा खेळ तशा रचनेवरच उभा होता. भारतातही विकल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांच्या पाकिटावर आणि दुकानाच्या पानावर सेवा निदान कधीपर्यंत चालेल ती तारीख छापणं सक्तीचं करावं, आणि ग्राहक संघटनांनी ही मागणी आत्ताच लावून धरावी.