पाणथळीचा सातबारा

जुना नकाशा हाती आला, की ‘पूर्वी इथे काय होते’ एवढेच आपण त्यात शोधतो. मिठी नदीच्या मुखाकडील भागाचे जुने आणि नवे स्थलनिर्देशक नकाशे शेजारी ठेवले, तरी हेच होते. जुन्या पत्रकावर माहीमच्या खाडीपासून कुर्ल्याच्या बाजूला दलदलीच्या खुणा पसरलेल्या दिसतात. नव्यावर तिथे वांद्रे-कुर्ला संकुलाचे रस्ते आहेत. १९७७ साली या संकुलाचे नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेले आणि खाजणावर भराव पडत गेला. वाचक इथवर येतो, हळहळतो आणि थांबतो.

खरा प्रश्न त्यापुढे आहे. ज्या नकाशाला आपण साक्षीदार मानतो, त्याचीच या भरावाला मूक संमती होती का? भारतीय सर्वेक्षण विभागाची क्षेत्रीय मोजणी पावसाळा टाळून होई. म्हणजे पाणथळीचे चित्र तिच्या कोरड्या महिन्यांतले. १:५०,००० प्रमाणाच्या पत्रकावर सपाट प्रदेशातील समोच्च रेषा वीस-वीस मीटरच्या अंतराने येतात. मुंबईत उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक मात्र पाचेक मीटरचा. पाणी घरात शिरणार की नाही हे ज्या हातभर उंचीवर ठरते, ती या रेषांच्या जाळीतून निसटते.

अनुराधा माथुर आणि दिलीप द कुन्हा यांनी २००९ च्या ‘सोक’ या प्रदर्शनात व ग्रंथात असाच रोख धरला होता. जमीन आणि पाणी यांच्यामध्ये ठाम रेघ ओढण्याची नकाशाची सवय मुंबईच्या खाडीमुखाला मानवत नाही, असे त्यांचे म्हणणे. आक्षेप मोलाचा आहे, पण पुरता नाही. नकाशावर रेघांइतकीच चिन्हेही असतात. दलदलीच्या त्या खुणा सांगतात, की सर्वेक्षकाला इथली जमीन पक्की वाटली नव्हती. त्या खुणांचा अर्थ ‘रिकामी जागा’ असा लावणाऱ्यांकडेही दोषाचा वाटा जातो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी आपल्या जुन्या पसाऱ्यावर परतली. उरलेल्या मिठागरांवर घरे बांधण्याची भाषा आज चालू आहे. ती करणाऱ्यांसमोर जुने पत्रक सातबाऱ्यासारखे ठेवावे. कब्जेदाराच्या रकान्यात तिथे पाण्याचे नाव आहे.