साष्टीचा इतिहास आणि माया संस्कृती : वाचनक्रमाचा प्रश्न

एखाद्या प्रदेशाच्या इतिहासाचा अभ्यास आरंभिणाऱ्या विद्यार्थ्यास ग्रंथांची यादी सहज मिळते. ते कोणत्या क्रमाने वाचावेत, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही उपनगरे ज्या साष्टी बेटावर वसली आहेत, त्याच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. येथील लेण्यांची जी जुनी विस्तृत वर्णने उपलब्ध आहेत, ती बेट जिंकून घेणाऱ्या पोर्तुगिजांच्या लेखणीतून उतरलेली आहेत. मेक्सिकोतील माया संस्कृतीच्या अभ्यासकापुढेही हीच अडचण, अधिक तीव्र स्वरूपात, उभी राहते. तेथील विद्वानांनी तिच्यातून काढलेली वाट आपणांस उपयोगी पडेल, म्हणून दोन्हींचा एकत्र विचार येथे केला आहे.

युकातान प्रांतातील मानी या गावी १५६२ साली दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने माया लोकांच्या पोथ्या जाळविल्या. त्याच लांदाने पुढे १५६६ च्या सुमारास त्या लोकांचे आचार, पंचांग, उत्सव व लिपी यांचे वर्णन लिहिले. ते १८६४ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यातील लिपिविषयक सदोष टिपणाचाच आधार घेऊन युरी क्नोरोझोव या सोविएत विद्वानाने १९५२ साली माया लिपीच्या उलगड्याची दिशा दाखविली. असा साक्षीदार त्याज्य मानता येत नाही, आणि एकटा विश्वसनीयही मानता येत नाही.

इंग्रजी वाचणारा विद्यार्थी बहुधा प्रेस्कॉटच्या १८४३ सालच्या मेक्सिको-विजयाच्या इतिहासापासून आरंभ करतो. त्याची भाषा भारदस्त आहे, कथनही चित्तवेधक आहे; परंतु ग्रंथाचा नायक कोर्तेस असल्यामुळे अझ्टेक लोक आपल्यापुढे येतात ते पराभवाच्या वाटेवरच. शिवाय अझ्टेक आणि माया एकच, असा समज अशा वाचनाने दृढ होतो. वस्तुतः मायांचे नोहपेतेन हे अखेरचे स्वतंत्र राज्य १६९७ साली, म्हणजे कोर्तेसनंतर पावणेदोनशे वर्षांनी, पडले. म्हणून आरंभ ‘पोपोल वूह’ या किचे माया लोकांच्या ग्रंथाने करावा. त्याचे डेनिस टेडलॉककृत इंग्रजी भाषांतर (१९८५) सुलभ आहे. अझ्टेकांसाठी मिगेल लेओन-पोर्तिया यांनी १९५९ साली सिद्ध केलेले, नाहुआ लोकांच्या निवेदनांचे संकलन घ्यावे. त्यानंतर मायकेल को यांचा ‘द माया’ (१९६६) आणि मगच लांदा. एरिक थॉम्प्सन यांचा १९५४ सालचा ग्रंथ रमणीय असला तरी शेवटी वाचावा. माया शिलालेखांत राजांचा इतिहास नाही, ही त्यांची धारणा तात्याना प्रोस्कुरियाकोव यांच्या १९६० सालच्या निबंधाने ढासळली. शिलालेख स्वतः बोलू लागताच शांतताप्रिय ज्योतिषी-पुरोहितांचे त्यांनी रंगविलेले जगही टिकले नाही.

आता साष्टीकडे वळू. १५३४ सालच्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसईबरोबर हे बेट पोर्तुगिजांस दिले. बोरिवलीजवळील मंडपेश्वरच्या शैव लेण्यात फ्रान्सिस्कनांनी चर्च स्थापिले, आणि कान्हेरीचे वर्णन दिओगो दो कौतो या पोर्तुगीज इतिहासकाराने केले. त्याच्या साष्टीविषयक प्रकरणाचे इंग्रजी भाषांतर रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात एकोणिसाव्या शतकातच प्रसिद्ध झाले आहे. कान्हेरीची लेणी संत जोसाफत याच्या पित्याने पुत्रास एकांतात वाढविण्यासाठी कोरविली, असे एका वृद्धाने आपणास सांगितल्याचे कौतो नमूद करतो. जोसाफत हे ‘बोधिसत्त्व’ या शब्दाचेच ख्रिस्ती कथांतील रूपांतर होय. हे ठाऊक नसलेल्या वाचकास ती भाबडी दंतकथा वाटेल. ठाऊक असलेल्यास तीत बुद्धचरित्राची वळणे घेत आलेली छाया दिसेल. कौतो वाचण्यास पूर्वतयारी हवी, ती अशासाठी.

ती तयारी शोभना गोखले यांच्या ‘कान्हेरी इन्स्क्रिप्शन्स’ (१९९१) या ग्रंथाने होते. ग्रंथ रुक्ष आहे. कथानकाची अपेक्षा धरणाऱ्याची निराशा होईल. परंतु कल्याणच्या सामिदत्त सोनाराने खोदविलेल्या पाण्याच्या पोढीची नोंद वाचताना या डोंगराशी संबंध असलेला मनुष्य स्वतःच्या नावाने व व्यवसायाने आपणांशी बोलतो. हे कौतोच्या वर्णनात मिळत नाही. त्यानंतर राजवाड्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेली ‘महिकावतीची बखर’ घ्यावी. तिचा जुना भाग शके १३७० मधला, म्हणजे पोर्तुगिजांच्या पूर्वीचा आहे. तीतील बिंबराजाचा काळ वादग्रस्त आहे, आणि वंशावळींत त्या त्या कुळाचा अभिमान मिसळलेला आहे. राजवाड्यांची प्रस्तावना विद्वत्तापूर्ण खरी. पण ती बखरीआधी वाचल्यास विद्यार्थी राजवाड्यांच्याच डोळ्यांनी बखर पाहू लागतो. ठाणे जिल्ह्याचे १८८२ सालचे गॅझेटियर माहितीच्या विपुलतेत अद्वितीय आहे. तथापि ते कारभाराच्या सोयीसाठी रचलेले असल्याने त्यात माणसे जातींच्या यादीत बसविलेली आढळतात. गेर्सन द कुन्हा यांचा ‘द ओरिजिन ऑफ बॉम्बे’ (१९०० ) व्यासंगपूर्ण आहे. त्यात साष्टीला मुंबईच्या अंगणापलीकडे स्थान नाही.

या क्रमाचा आग्रह केवळ शिस्तीसाठी नाही. जेत्याचे वर्णन प्रथम वाचणाऱ्यास माया लोक नष्ट झालेले वाटतात. वस्तुतः माया भाषा बोलणारे लाखो लोक आजही मेक्सिको व ग्वातेमाला येथे आहेत. त्याचप्रमाणे साष्टीचे जुने रहिवासी केवळ लेण्यांपुरते उरले, असा ग्रह येथे होतो. कोळी, वारली आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज आजही या उपनगरांत आहेत. पोर्तुगीज लेखनात ईस्ट इंडियनांचे पूर्वज धर्मांतरितांच्या संख्येत मोजले गेले. त्यांची स्वतःची बोली मात्र मराठीच राहिली. गावठाणांतील गाणी, शेतांची व पाड्यांची नावे, वृद्धांच्या आठवणी यांचे संकलन गोखले यांच्या ग्रंथाइतक्या काटेकोरपणे झाले पाहिजे. साष्टीच्या वाचनयादीत ही जागा रिकामी आहे. गावठाणांच्या जागी इमारती उभ्या राहत असताना ती भरून काढणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांस सहज शक्य असलेले, आणि फार काळ लांबणीवर टाकता न येणारे कार्य आहे.