भैरवीनंतरचे गाणे

महिनाभरात कानावर आलेल्या आणि मनात घर करून राहिलेल्या चार-सहा ध्वनिमुद्रणांची निवड करून ती स्नेह्यांना पाठवायची, ही रीत आपल्या मंडळींत नवी नाही. आज ती भ्रमणध्वनीवरून चालते, पूर्वी कॅसेटवरून चालत असे आणि त्याही आधी, ज्याच्या घरी ग्रामोफोन असे त्याच्या दिवाणखान्यात रविवारी सकाळी चालत असे. साधने बदलली तरी मूळ कृती एकच. दुसऱ्यांनी गायिलेल्यातून निवडायचे आणि निवडलेल्याला क्रम द्यायचा. या कृतीकडे आपण छंद म्हणून पाहतो. वस्तुतः ती समीक्षा आहे, आणि म्हणूनच ती चांगली किंवा वाईट साधू शकते.

कॅसेटच्या काळात या समीक्षेला वेळेचे कुंपण होते. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूस तीस मिनिटे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या जुन्या तबकडीवरचे गाणे तीन-साडेतीन मिनिटांचे. तेव्हा एका बाजूस अशी आठ-नऊ गाणी मावत. मैफलीचे मुद्रण असेल तर एक विलंबित ख्याल आणि त्याला जोडून द्रुत चीज, की बाजू संपली. हिशेब क्वचितच जुळे, शेवटी तीन-चार मिनिटांची फीत कोरी उरे. १९८०च्या दशकात ग्वाल्हेरच्या एका वडीलधाऱ्या आप्तांसाठी मी अशी एक कॅसेट भरली होती. शेवटी भैरवी घेतली आणि उरलेली फीत वाया जाऊ नये म्हणून तिच्यामागे एक चटपटीत तराणा डकवला. आठवड्याभरात कार्ड आले. भैरवी झाल्यावर पानसुपारी व्हायची असते, गाणे नव्हे, असे त्यांनी दोन ओळींत कळवले होते. निवडीबद्दल एक अक्षर नव्हते. मी निवडलेले सारे चांगलेच होते, पण एका तराण्याने मला मैफल कळलेली नाही हे उघड केले होते.

हे कार्ड मला पुन्हा आठवले ते एका फार मोठ्या यादीमुळे. १९७७ साली अमेरिकेच्या नासा या संस्थेने व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडली, पहिले २० ऑगस्टला आणि दुसरे ५ सप्टेंबरला. दोहोंवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे. कार्ल सेगन यांच्या समितीने तिच्यावर पृथ्वीवरील २७ संगीतरचना, सुमारे ९० मिनिटांच्या, नोंदवून पाठवल्या. ५५ भाषांतील अभिवादने आहेत, त्यांत मराठीही आहे. संगीतात भारताच्या वाट्याला एकच रचना आली, ती गोव्यातील केरीच्या सुरश्री केसरबाई केरकरांची भैरवी. रॉबर्ट ब्राउन या संगीताभ्यासकाने तिची शिफारस केली होती. याने निघाली आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाई निवर्तल्या.

या गोष्टीचा अभिमान आपण पुष्कळ बाळगला. व्याख्यानांत ती येते, स्मरणिकांत येते. मात्र ती यादी यादी म्हणून, पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने ऐकणारे मला फारसे भेटलेले नाहीत. २०१७ साली तिच्या तबकड्या सामान्य श्रोत्यांसाठी निघाल्या, त्यानंतर ऐकण्यास अडचण अशी राहिलेली नाही. ऐकल्यावर पहिली तक्रार सहज सुचते. बाख तीनदा आहे, बेटोव्हन दोनदा; आपले सारे रागसंगीत साडेतीन मिनिटांत. चीनच्या ग्वान पिंगहू यांच्या तंतुवादनाला मात्र साडेसात मिनिटांहून अधिक वेळ मिळालेला आहे. त्यातही केसरबाईंचे खरे बळ कशात होते? अल्लादिया खाँसाहेबांकडून घेतलेल्या, जोडरागांच्या अडचणीच्या वाटांवरून संथपणे चालत जाणाऱ्या विलंबित ख्यालात. तो दमसास, लयीच्या प्रत्येक वळणाशी बांधलेला तो आकार समजायला अर्धा तास हवा. भैरवीची छोटी तबकडी हे त्या गायकीचे प्रतिनिधित्व नव्हे; ज्याने त्यांचे दुसरे काहीच ऐकले नाही त्याला ती फसवू शकते.

ही तक्रार खरी आहे, तरीही ती चुकीच्या जागी केली जाते असे मला अलीकडे वाटू लागले आहे. प्रतिनिधित्व हा निवडीचा सर्वांत दुबळा हेतू होय. सगळ्यांना जागा द्यायची म्हटली की कोणालाच पुरेशी मिळत नाही, आणि या यादीचा बराचसा मधला भाग त्या ओझ्याखाली वाकलेला आहे. एखादी रचना अर्ध्या-पाऊण मिनिटात येते आणि हजेरी लावून निघून जाते. परंतु शेवटाकडे समितीला बहुधा आपल्या कानावर भरवसा ठेवावासा वाटला असावा. केसरबाई पंचविसाव्या आहेत. त्यांच्यानंतर ब्लाइंड विली जॉन्सन या अंध अमेरिकन गायकाचे १९२७ सालचे मुद्रण येते. त्यात शब्द नाहीत, नुसते कण्हणे आहे आणि त्याला गिटारवरची मींड साथ करते. रात्र पडली आहे आणि डोक्यावर छप्पर नाही, एवढेच त्यातून कळते. आणि सर्वांत शेवटी बेटोव्हनच्या तेराव्या चतुष्टयातील संथ कावातिना.

म्हणजे इथेही भैरवीनंतर गाणे आहे, एक नव्हे तर दोन! ग्वाल्हेरच्या कार्डाच्या न्यायाने हा अपराधच. पण ऐकताना तसे वाटत नाही. केसरबाईंच्या कोमल स्वरांतून विली जॉन्सनच्या कण्हण्यात जाताना कोठे उंबरठा लागत नाही. भैरवीतली व्याकुळता शब्द टाकून देऊन पुढे चालत राहते आणि बेटोव्हनपाशी येऊन शांत होते. तीन भूखंडांतील तीन निरोप एकाच मैफलीचा शेवट होतात. माझा तराणा मात्र भैरवीनंतर होता म्हणून नव्हे, तर फीत उरली होती म्हणून तिथे आला होता.

आपल्याजवळचे उदाहरण घ्यायचे तर कुमार गंधर्वांचे. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला हा गायक आजारपणामुळे १९४८ साली देवासला आला आणि माळव्याचाच झाला. गीतवर्षा, त्रिवेणी, तांबे गीतरजनी या त्यांच्या कार्यक्रमांकडे गायन म्हणून आपण पाहिलेच; ते संकलनही होते. काय घ्यायचे, कशाला चिकटून काय यायचे, याचा विचार त्यांत गाण्याइतकाच आहे. भा. रा. तांबे तर आपल्या मध्य भारतातलेच कवी. त्यांची कविता गाणाऱ्यांनी आधीही गायिली होती, पण एक सलग रात्र म्हणून तिची मांडणी करणे ही टीकाकाराची दृष्टी झाली. ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या नावात तर सारी भूमिकाच आहे. बालगंधर्व जसे होते तसे सादर करण्याचा दावा नाही, सर्वोत्तम निवडल्याचा दावा नाही. मला जे उमजले ते, असे म्हणून माणूस आपली निवड श्रोत्यांपुढे जबाबदारीने ठेवतो. त्यावर तेव्हा वाद झाले ते योग्यच. ज्या निवडीवर वाद होऊ शकत नाही ती निवड कोणी केलेलीच नसते.

आजच्या मासिक याद्यांत मला हीच उणीव जाणवते. एका सकाळी चाळीस गाणी येतात. पाठवणाऱ्याने ती सगळी ऐकली असतील याचीही खात्री वाटत नाही. हे का, याच्यानंतर ते का, यावर एक ओळ नसते. व्हॉयेजरच्या समितीने १९७८ साली ग्रंथ लिहून आपली कारणे तरी सांगितली.

गेल्या महिन्यात मी तीनच मुद्रणे पाठवली. वडोदऱ्याला ज्यांनी आयुष्याचा मोठा भाग घालवला त्या फैयाज खाँसाहेबांची जयजयवंती, केसरबाईंचा नटकामोद आणि अखेर त्यांचीच ती भैरवी. कारण प्रत्येकी दोन ओळींत लिहिले होते. जयजयवंतीतला भरदार, रुंद आवाज ऐकून झाल्यावर नटकामोदाची आखीव वाट अधिक अरुंद आणि अधिक अवघड वाटते. आणि त्या अवघडपणानंतर भैरवी सुटका म्हणून येते. पाठवल्यावर मी स्वतः क्रमाने पुन्हा ऐकायला बसलो. भैरवी संपली, मी डोळे मिटून होतो, आणि भ्रमणध्वनीने आपण होऊन पुढचे गाणे सुरू केले.