‘गुलामगिरी’ आणि ‘अधिकार’ शब्दाचें स्थित्यंतर

चैत्री पौर्णिमेस जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरी येथें, गांवोगांवच्या सासनकाठ्या येतात व गुलालानें सर्व माणसें एका रंगाचीं होतात. ह्या दैवतावरून जोतीराव फुले (१८२७–१८९०) ह्यांचें नांव ठेविलें गेलें, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. यात्रा पांगल्यावर त्यांचा ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ मीं पुन्हां वाचिला. त्याविषयीं चार शब्द लिहितों.

दोष आधीं सांगतों. धोंडीबा व जोतीराव ह्यांच्या संवादांतून ग्रंथकार बळीराजाचा इतिहास रचितात; खंडोबा म्हणजे खंडाचा अधिकारी, म्हसोबा म्हणजे ‘महासुभा’, अशा व्युत्पत्ति लावितात. ‘सुभा’ हा शब्द मूळचा अरबी. फारसीच्या द्वारें तो मराठींत आला. पुराणांतील बळीच्या दरबारीं तो असणें शक्य नाहीं. इतिहास म्हणून हा भाग टिकत नाहीं. परंतु तेवढ्यावरून ग्रंथच बाजूस ठेवावा, हें मत मला मान्य नाहीं. कारण त्याचा मुख्य सिद्धांत ह्या व्युत्पत्तींवर उभाच नाहीं.

तो कशावर उभा आहे, हें पाहण्यास त्याचें मूळ शोधिलें पाहिजे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांत लेखणीनें भाग घेतलेल्या टॉमस पेनचा मनुष्याच्या हक्कांविषयींचा ग्रंथ १७९१–९२ सालीं निघाला. फ्रेंच राज्यक्रांतीवर बर्कनें केलेल्या टीकेचें तें उत्तर होतें. फुल्यांनीं तो तरुणपणीं वाचिला होता. त्यांतील एक युक्तिवाद आम्हां जुन्या कागदांच्या उपासकांनीं विशेष ध्यानीं घ्यावा असा आहे: प्राचीनतेचे दाखले देणारे वाटेंतच थांबतात, पुरेसें मागें गेल्यास निर्मात्याच्या हातून नुकताच आलेला मनुष्य भेटतो, व त्याच्या नांवापुढें कोणतीच पदवी नसते. फुल्यांचा ‘निर्मिक’ नेमक्या ह्याच ठिकाणीं येतो. ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांस उद्देशून आहे, ह्याचाही अर्थ येथें उलगडतो.

फुल्यांनीं केवळ अनुकरण केलें नाहीं. फ्रान्सच्या १७८९ च्या जाहीरनाम्यानें मनुष्यें जन्मतः स्वतंत्र व समान मानिलीं. पण स्त्रियांस मत मिळालें नाहीं, आणि वसाहतींतील गुलामगिरी १७९४ सालीं बंद होऊन १८०२ सालीं पुन्हां सुरू झाली. फुल्यांनीं ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक’ (१८९१) ह्यांत स्त्री व पुरुष हीं दोन्ही नांवें घेऊनच समान हक्क सांगितले.

आतां शब्दाकडे वळूं. जैमिनीच्या सूत्रांतील सहावा अध्याय अधिकाराचा. तेथें ‘अधिकार’ म्हणजे कर्म करण्याची पात्रता, आणि ती वर्णावर अवलंबून. ब्रह्मसूत्रांतील अपशूद्राधिकरण त्याच मार्गाचें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोल्हापुरांत वेदोक्ताचा वाद पेटला, तो ह्याच अर्थानें: छत्रपतींच्या घरीं वेदमंत्र म्हणावे कीं पुराणोक्त? २६ जुलै १९०२ रोजीं शाहू महाराजांनीं रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं निम्म्या मागासलेल्या वर्गांस देण्याची आज्ञा काढिली, तेव्हां राज्यव्यवहारानें दुसरा अर्थ पत्करिला.

जुन्या व नव्या दोन्ही अर्थांनीं अधिकार जन्मानेंच मिळतो. वाद एवढाच, कीं कोणत्या जन्मानें: जातींतील कीं मनुष्यांतील? राज्यक्रांत्यांनीं आम्हांस नवा शब्द दिला नाहीं. जुन्याच शब्दाचा आश्रय पालटला. मीं आयुष्यभर मुलांस हा शब्द शिकविला, परंतु त्याचा हा प्रवास त्यांस सांगितला नाहीं. ही उणीव आज कबूल करितों.

म्हणून संग्राहकांस विनंति आहे. जुन्या दप्तरांत सत्यशोधकांचीं चोपडीं, पत्रकें, सभांचे कागद सांपडल्यास ‘हा इतिहास नव्हे’ म्हणून रद्दींत टाकूं नयेत. त्यांतील बळीची कथा सनदेच्या कसोटीस उतरणार नाहीं. पण आपल्या भाषेंत ‘अधिकार’ शब्द केव्हां व कोणाच्या मुखीं पालटला, ह्याचा अस्सल पुरावा त्याच कागदांत आहे.