ऐकण्याची खोली

वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’त स्वर आणि लय ही दोन टोके धरून घराण्यांची तुलना मांडली. तिच्यामागे बैठकीत समोर बसून ऐकलेले गाणे होते. आज ठाणे-डोंबिवली-कल्याण पट्ट्यातला रसिक कल्याणच्या गायन समाजात किंवा ठाण्याच्या गडकरी रंगायतनात जातो, पण त्याचे बहुतेक ऐकणे घरीच होते. ज्या गायकांवरून तो तावातावाने वाद घालतो, त्यांतले कित्येक त्याच्या जन्माआधीच गेलेले असतात. अब्दुल करीम खाँ १९३७ साली वारले. त्यांच्याविषयीचे माझ्या पिढीचे प्रत्येक मत कुठल्या ना कुठल्या स्पीकरमधून आलेले आहे. तरीही रेकॉर्डवरून लिहिलेल्या समीक्षेत गायक, राग, ताल, मुद्रणाचे साल सापडते. ते कशातून आणि कसल्या जागेत ऐकले, हे क्वचितच सापडते. हा तपशील गाळला की समीक्षकाचे विधान अर्धवट राहते, एवढेच मला येथे दाखवायचे आहे.

आधी खोलीचा हिशेब करू. आपल्याकडच्या फ्लॅटमधला दिवाणखाना दहा फूट बाय पंधरा फूट, उंची नऊ फूट, असा धरा. वर स्लॅब, खाली टाइल्स, भिंती विटांच्या. आपल्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ११४० फूट जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमधला पहिला अनुनाद काढायचा तर या आकड्याला अंतराच्या दुपटीने भागायचे. पंधरा फुटांना ३८ हर्ट्झ येतात, दहा फुटांना ५७, नऊ फुटांना ६३. पुढचे अनुनाद याच आकड्यांच्या पटीत. त्यामुळे पंधरा फुटांचा तिसरा आणि दहा फुटांचा दुसरा अनुनाद बरोबर ११४ हर्ट्झवर एकमेकांवर पडतात. तेवढा स्वर ही खोली स्वतःच्या पदरचे घालून मोठा करते.

आता यावर गाणे ठेवून पाहू. काळी दोनमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मंद्र पंचम सुमारे ११७ हर्ट्झला येतो, म्हणजे या फुगवट्याच्या अगदी जवळ. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा मंद्र पंचम १०४ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे त्यापासून दूर. स्पीकर तोच, खुर्ची तीच. पण एका गायकाचा मंद्र भरदार वाटतो आणि दुसऱ्याचा उणा. ऐकणारा लिहून मोकळा होतो की पहिल्याने खर्जाची मेहनत अधिक केली होती. ती केलीही असेल. पण या पुराव्यावरून तसे म्हणता येत नाही. त्यात आपल्याकडे सोफा भिंतीला टेकवण्याचा रिवाज आहे, आणि या सगळ्या अनुनादांचा दाब भिंतीपाशीच सर्वाधिक असतो. सोफा दोन-तीन फूट पुढे ओढला तरी डग्ग्याचा स्वभाव बदललेला कळतो.

यावर कोणी म्हणेल, मग स्पीकरची तुलना घरी करायचीच कशाला? दुकानात चांगली तयार केलेली खोली असते, मासिकांत परीक्षणे असतात. माझा अनुभव उलटा आहे. साधारण दोन-तीनशे हर्ट्झच्या वर स्पीकरचा स्वतःचा गुण बराचसा कायम राहतो. त्याखाली मात्र खोली बोलते. दुकानातल्या खोलीचा खर्ज आपल्या घरी येत नाही. आणि परीक्षणांतली भाषा अशी की पडताळायची सोयच नाही. ‘उबदार’, ‘पारदर्शक’, ‘गोड’ ही विशेषणे नेमकी कुठल्या स्वराबद्दल, कुठल्या वाद्याबद्दल, हे सांगितलेले नसते. एखाद्या गायकाबद्दल कोणी फक्त ‘गोड गातो’ एवढेच लिहिले, तर आपण त्याला समीक्षा म्हणत नाही. यंत्राबद्दल मात्र चालवून घेतो.

घरची तुलनाही शिस्तीने केली नाही तर तीच गत. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली हार्मन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत चाळीस जणांना चार स्पीकर ऐकवले, कधी पडद्याआड आणि कधी उघड्यावर. स्पीकर दिसू लागताच गुण बदलले. मोठ्या, भारदस्त पेट्या वर गेल्या आणि स्वस्त दिसणारा लहानसा संच खाली घसरला. ही माणसे त्याच कंपनीत काम करणारी होती. ध्वनी हा त्यांचा व्यवसाय होता. मग आपण तर लॅमिंग्टन रोडवर खिसा रिकामा करून खोके सांभाळत लोकलने डोंबिवलीला उतरलेली माणसे. एवढे पैसे आणि श्रम घातल्यावर कान तटस्थ राहतील, हे मला पटत नाही.

म्हणून मी काही नियम पाळत आलो आहे. दोन स्पीकर आणायचे, दोन जोड्या नव्हेत. जुन्या तव्यांवरचे आणि आकाशवाणीच्या जुन्या मुद्रणांतले गाणे एकाच वाहिनीचे असते, आणि एकच स्पीकर ऐकताना दोष लपत नाहीत. दोन्ही आळीपाळीने एकाच जागी ठेवायचे, कारण वीतभर सरकले तरी खर्ज बदलतो. समोर पातळ सुती कापड टांगायचे. आवाजाची पातळी बसायच्या जागेवर मोजून सारखी करायची, कारण एका डेसिबलने मोठा स्पीकर आपल्याला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. ॲम्प्लिफायरची कळ एकाच खुणेवर ठेवणे पुरत नाही. एकाची संवेदनशीलता ८४ आणि दुसऱ्याची ८८ डेसिबल असेल तर तुलना सुरू होण्याआधीच निकाल लागलेला असतो. अदलाबदल झटपट व्हावी, कारण ध्वनीच्या बारकाव्यांची स्मृती काही सेकंदांतच पुसट होते. पेटी उचलायला शेजारचा एखादा मुलगा मिळाला तर उत्तम. कुठला स्पीकर लावायचा ते त्याने नाणे उडवून ठरवावे आणि कागदावर टिपावे.

अशा बारा फेऱ्यांत दहा किंवा अधिक वेळा स्पीकर बरोबर ओळखला, तर ते निव्वळ अंदाजाने घडण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी असते. सात वेळा ओळखला तर फरकाविषयी गप्प बसावे. माझ्या घरी झालेल्या अशा बैठकांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. तार सप्तकातला आकार आणि तंबोऱ्याची जवारी यांत स्पीकरांतला फरक पटकन पकडता येतो. मंद्राविषयी मात्र मित्रांची मते ते कुठे बसले होते त्यावरून ठरतात, आणि जागा बदलली की मतेही बदलतात.

कानांवर विश्वास ठेवू नये, असा याचा अर्थ नाही. टूल-ऑलिव्ह यांनीही कानांनाच विचारले. फक्त डोळ्यांना मध्ये बोलू दिले नाही. ज्याला आपण तयार कान म्हणतो, तो स्वतःच्या ऐकण्याची परिस्थिती जाणणारा कान असावा, एवढीच मागणी आहे. पाठांतरे तपासणारा संशोधक कोणती पोथी वापरली ते नोंदवतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. रेकॉर्डवरून गायकाविषयी लिहिणाऱ्यानेही लेखाच्या शेवटी एक ओळ द्यावी. स्पीकर कोणता, खोली केवढी, बसायची जागा भिंतीपासून किती फुटांवर. ती ओळ वाचून डोंबिवलीचा वाचक ठाण्याच्या समीक्षकाला सांगू शकेल की तुम्ही म्हणता तो मंद्र माझ्याकडे ऐकू येत नाही. मग दोघांना तो स्वर गायकाच्या गळ्यात शोधायचा की भिंतीत, हे ठरवता येईल.