भेंड्या आणि अंताक्षरी

१९९३ साली झी टीव्हीवर ‘अंताक्षरी’ सुरू झाली, तेव्हा निपाणी-बेळगावकडे केबलची तार नुकतीच घरोघर पोहोचू लागली होती. गजेंद्र सिंग यांच्या या कार्यक्रमाकडे आम्ही आरंभी दुर्लक्षच केले. गाण्याच्या भेंड्या लग्नघरात, सहलीच्या गाडीत लावायच्या. त्या बसून पाहायच्या कशा? दीवाने, परवाने, मस्ताने ही संघांची नावेही आम्हांला कव्वालीच्या फलकावरची वाटली.

मत बदलले ते सूत्रसंचालक अन्नू कपूर यांच्यामुळे. भेंड्यांत गाणे पहिल्या अक्षरापुरते हवे असते. ते कोणी लिहिले याची चौकशी कोणी करीत नाही. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात घडलेला हा नट स्वतः गाई आणि गीतकार-संगीतकारांची नावे आदराने घेई. रेडिओ सिलोनवरील ‘बिनाका गीतमाले’तून अमीन सायानींनी १९५२ पासून श्रोत्यांना लावलेलीच ही गोडी. पुढे कपूर ‘सुहाना सफर’ घेऊन रेडिओवर गेले, याचे आम्हांस नवल वाटले नाही. त्यांचा नाटकी आविर्भाव मात्र कधीकधी स्पर्धकांना झाकून टाकी. सहनिवेदिका पल्लवी जोशी यांचे प्रसन्न, नेमके बोलणे हा त्यावर उतारा होता.

खेळ म्हणून मात्र हिंदी अंताक्षरी मराठी भेंड्यांहून सपकच. तिकडे ओळ वारंवार ‘है’वर संपते आणि ‘ह’चा ढीग पडतो. आपल्याकडे ‘ळ’ आला की ‘ल’ घ्यायचा, ‘ण’ला ‘न’ चालवायचा. त्यावरून जुंपणारे भांडण हाच अर्धा खेळ!

सीमाभागात याला आणखी एक बाजू होती. कचेरीत कानडी, घरी मराठी अशी आमची रीत. मराठी भेंड्यांत कानडी शेजारी कौतुकाने, पण गप्प बसत. हिंदी गाणी निघताच तेही सरसावून बसले. १९५६ पासून पाटीवरच्या अक्षरांसाठी भांडणाऱ्या या मुलखात हिंदी गाण्याचे अक्षर कोणा एकाचे नव्हते, म्हणून ते दोघांचेही झाले. याचा आम्हांला आनंद होता आणि बोचही होती. कारण आमचीच मुले मराठी गाण्याला ‘हे चालणार नाही’ म्हणू लागली.

२००८-०९ मध्ये झी मराठीच्या ‘सा रे ग म प लिटल चॅम्प्स’ने मराठी गाणी पुन्हा घरात आणली, निवेदिका त्याच पल्लवी जोशी. आता शेजारीही आवडीने ऐकत. परंतु इथे प्रेक्षकाने गायचे नव्हते, मोबाइलवरून मत पाठवायचे होते. त्या हिवाळ्यात अंतिम फेरीतल्या पाचही मुलांची नावे आमच्या घरी सर्वांना पाठ होती. भेंड्या मात्र एकदाही लागल्या नाहीत.