एका वेधाने कक्षा कळत नाही

दहावीचा निकाल लागला की ठाणे, डोंबिवली, कल्याण येथील घराघरांत पहिला प्रश्न येतो, "किती टक्के?" त्यापाठोपाठ दुसरा, "मग सायन्सच ना?" या दोहोंच्या मध्ये खरे म्हणजे एक तिसरा प्रश्न असायला हवा. तुला काय करायला आवडते, आणि ते करून जगता येते का? हा प्रश्न उघडपणे विचारण्याची सवय आपल्याकडे फारशी नव्हती. ती लावण्याचे काम ज्या मोजक्या उपक्रमांनी केले, त्यांत ठाण्यात सुरू झालेल्या 'वेध' या उपक्रमाचा क्रम बराच वर लागतो. त्याचे गुण आणि मर्यादा तपासून पाहणे हा या लेखाचा हेतू आहे. शिक्षकांपुढे हा विषय मांडण्याचे कारण असे की, या मर्यादा व्यासपीठावर दूर होण्यासारख्या नाहीत. झाल्या तर वर्गातच होतील.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १९८३ मध्ये महाराष्ट्रात विनाअनुदानित खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. तोपर्यंत थोड्यांनाच मिळणारा प्रवेश मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला आणि काही वर्षांतच 'मिळू शकतो' याचा अर्थ 'घेतलाच पाहिजे' असा झाला. पहाटेच्या लोकलने मुंबईला जाऊन रात्री परतणाऱ्या आई-वडिलांना मुलाने खात्रीची वाट धरावी असे वाटणे स्वाभाविक होते. १९९० मध्ये ठाण्यात 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था स्थापन झाली. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी त्या दशकाच्या आरंभीच 'वेध' सुरू केला. पुढे कल्याण, पुणे, नाशिक, नागपूर, लातूर अशा अनेक गावी तो पोहोचला. नेहमीच्या चाकोरीबाहेरचे काम करणाऱ्या माणसांना व्यासपीठावर बोलवायचे, डॉ. नाडकर्णींनी त्यांच्याशी सविस्तर गप्पा मारायच्या आणि समोर विद्यार्थी, पालक व शिक्षक एकत्र बसलेले असायचे, असे त्याचे साधे स्वरूप आहे.

या साधेपणातच त्याची ताकद आहे. पहिली गोष्ट, 'वेध' माहितीपत्रक वाटत नाही, माणूस समोर आणतो. अमुक अभ्यासक्रम, तमुक पात्रता, इतक्या जागा ही माहिती कुठेही मिळते. त्या कामात बुडालेल्या माणसाचे डोळे, त्याचे अडखळणे आणि त्याचे हसू मात्र पत्रकात छापता येत नाही. दुसरी गोष्ट, येथे पालक मुलाच्या शेजारी बसून तेच ऐकतात. घरी परतताना दोघांना बोलायला एक समान विषय मिळतो आणि हा लाभ लहान नव्हे. तिसरी गोष्ट, भाषणाऐवजी मुलाखत हा प्रकार निवडल्यामुळे पाहुण्याला उपदेश करण्याची संधी फार मिळत नाही. त्याला घडलेले सांगावे लागते.

याच्या शेजारी दुसरा एक प्रयोग ठेवून पाहू. राज्य मंडळाने २०१६ मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कलचाचणी सुरू केली. हेतू चांगला होता. पण चाचणीच्या अखेरीस विद्यार्थ्याच्या हाती पडे ते एक लेबल. कला, वाणिज्य, तांत्रिक असा शब्द हाती आला तरी त्या शब्दापलीकडे सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा काय चालते, हे मुलाला कळत नसे. चाचणी शब्द देत असे, 'वेध' माणूस देतो. मला दुसरा मार्ग अधिक योग्य वाटतो. म्हणूनच त्याची चिकित्सा अधिक काटेकोरपणे व्हायला हवी.

या चिकित्सेची सुरुवात मी स्वतःच्या चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी डोंबिवलीच्या एका शाळेत 'मी संशोधक कसा झालो' या विषयावर बोलण्याचे मला आमंत्रण होते. मी रंगून बोललो. लहानपणीचे कुतूहल, चांगले गुरू, रात्र-रात्र चाललेले प्रयोग, मग पहिला शोधनिबंध! टाळ्या झाल्या. नंतर नववीतली एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारले, "सर, त्या वर्षांत घर कोण चालवत होतं?" मी काहीतरी विनोद करून वेळ मारून नेली. खरे उत्तर असे होते की, छात्रवृत्ती अनेकदा महिनोन्‌महिने उशिरा येई, पहिली दोन वर्षे ज्या पद्धतीवर घालवली ती शेवटी सोडून द्यावी लागली, आणि त्या काळात मोठ्या बहिणीच्या पगारावर आमचे घर चालत होते. त्या मुलीला माझ्या कुतूहलापेक्षा या माहितीची गरज जास्त होती. मी तिला स्फूर्ती दिली आणि माहिती लपवली. लपवण्याचा हेतू नव्हता. कथाच अशी रचली गेली होती की तिच्यात बहिणीला जागा नव्हती.

यशस्वी माणसाच्या मुलाखतीचा मूळ दोष हाच आहे. मुलाखतकार कितीही कुशल असला तरी तो पूर्णपणे टळत नाही. संघर्षाचा उल्लेख होतो, नाही असे नाही. पण शेवट ठाऊक असलेला संघर्ष आणि शेवट ठाऊक नसलेला संघर्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यासपीठावर बसलेला माणूस अडचणींबद्दल बोलतो तेव्हा त्या अडचणी पायऱ्यांसारख्या दिसतात, कारण त्या चढून तो वर आलेला असतो. प्रत्यक्षात त्या दिवशी ती पायरी आहे की भिंत, हे त्यालाही ठाऊक नव्हते. सोळा वर्षांच्या मुलाला पुढे ज्या दिवसातून जायचे आहे तो हा दुसरा दिवस आहे.

शिवाय विज्ञानाच्या विद्यार्थ्याला येथे निवडीचा दोष चटकन दिसावा. एखाद्या औषधाने बरे झालेले रुग्णच तेवढे गोळा करून आपण औषधाचा गुण ठरवत नाही. बरे न झालेल्यांचीही मोजदाद करतो. मग नोकरी सोडून वेगळ्या वाटेने गेलेल्या आणि यशस्वी झालेल्यांनाच बोलावून त्या वाटेची पारख कशी होणार? त्याच वाटेने जाऊन परत फिरलेली माणसे सभागृहात नसतात. ती मूर्ख नव्हती, आळशी नव्हती. काहींनी तर योग्य वेळी परतण्याचे शहाणपण दाखवले. त्यांचा अनुभव हाही अनुभवच आहे.

'वेध' या शब्दाचा ज्योतिषशास्त्रातला अर्थ येथे उपयोगी पडतो. आकाशस्थ गोलाचे स्थान मोजणे म्हणजे वेध घेणे. त्यावरूनच वेधशाळा हा शब्द आला. १ जानेवारी १८०१ रोजी पियाझी या इटालियन ज्योतिर्विदाला सीरीस हा गोल सापडला. सुमारे सहा आठवडे त्याने वेध घेतले. मग सीरीस सूर्याच्या तेजात दिसेनासा झाला आणि तो पुन्हा कोठे उगवेल हे कोणालाच सांगता येईना. तरुण गणिती गाऊस याने पियाझीच्या वेधांवरून कक्षा काढली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सीरीस त्याने सांगितलेल्या जागेजवळ पुन्हा सापडला. त्याच्या रीतीत महत्त्वाची गोष्ट ही की, गोल आज कोठे आहे हे एका वेधावरून कळते, पण तो कोठून आला आणि कोठे चालला हे कळत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या वेळी घेतलेले किमान तीन वेध लागतात. आपण विद्यार्थ्यांना एकच वेध देतो, तोही गोल सर्वांत तेजस्वी असतानाचा, आणि कक्षा त्यांनी ओळखावी अशी अपेक्षा करतो.

एका प्रसिद्ध आयुष्याला तीन वेध लावून पाहू. डॉ. सालिम अली यांची गोष्ट आपण शाळेत सांगतो ती बहुधा अशी : लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी मारली, तिच्या गळ्यावरच्या पिवळ्या ठिपक्याबद्दल विचारायला तो मुलगा मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि जगप्रसिद्ध पक्षितज्ज्ञ झाला. या दोन टोकांच्या मध्ये मात्र बरेच काही आहे. ब्रह्मदेशात कुटुंबाच्या व्यवसायात काढलेली वर्षे आहेत. विद्यापीठाची पदवी नसल्याने हुकलेली सरकारी जागा आहे. मग मुंबईच्या संग्रहालयात मिळालेली मार्गदर्शकाची नोकरी, पुढील शिक्षणासाठी बर्लिनचा प्रवास, आणि १९३० मध्ये परत आल्यावर कळलेली बातमी की पैशाअभावी ती जागाच रद्द झाली आहे. त्या वेळी त्यांचे वय ३४ च्या आसपास होते. खर्च कमी व्हावा म्हणून ते पत्नी तहमीना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. तेथे सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचे त्यांनी जे निरीक्षण केले त्यातून त्यांचा गाजलेला निबंध तयार झाला. पुढे संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी त्यांनी हाती घेतली ती मानधन न घेता, केवळ खर्च भागवण्याच्या अटीवर. सगळी गोष्ट अशी सांगितली म्हणून ती कमी स्फूर्तिदायक होते का? मला तर उलट वाटते. पण आता तिच्यात किहीमचे घर आहे, तहमीना आहेत आणि पैशाचा हिशेब आहे. आपल्याजवळ असे घर आणि असा आधार आहे का, हे विद्यार्थी आता स्वतःला विचारू शकतो.

कल्याणच्या आनंदीबाई जोशींच्या बाबतीतही हेच घडते. १८८६ मध्ये त्यांना अमेरिकेत मिळालेली वैद्यकीय पदवी सर्वांना ठाऊक असते. न्यू जर्सीतील रोझेल गावी ज्या कार्पेंटरबाईंनी त्यांना आपल्या घरात ठेवून घेतले, त्यांचे नाव किती विद्यार्थ्यांना सांगितले जाते?

आणखी एक मर्यादा आहे. व्यासपीठावर एका वेळी एकच माणूस मावतो, त्यामुळे वेगळे काम म्हणजे एकट्याचे काम असा समज होतो. नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीचे उदाहरण घ्या. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना तेथे आहेत. तिच्या उभारणीशी प्रा. गोविंद स्वरूप यांचे नाव जोडले गेले आहे आणि ते योग्यच आहे. पण त्या अँटेना फिरत्या ठेवणारे यंत्रज्ञ, संग्राहक दुरुस्त करणारे इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार, माहिती साठवणारे संगणकतज्ज्ञ यांच्यावाचून एकही निरीक्षण होणार नाही. ज्या मुलाला आकाशाचे वेड आहे पण गणितात शंभर गुण नाहीत, त्याच्यासाठी कदाचित याच वाटा अधिक खऱ्या आहेत. प्रसिद्ध माणसाच्या मुलाखतीत त्या दिसत नाहीत.

मग शिक्षकाने काय करावे? मला सुचतात ते उपाय खर्चाचे नाहीत. 'वेध'च्या अनेक मुलाखती संस्थेने यूट्यूबवर खुल्या केल्या आहेत. एखादी मुलाखत वर्गात दाखवावी आणि ती संपली की टाळ्यांऐवजी वहीत चार प्रश्न लिहायला सांगावेत. पहिले पैसे किती वर्षांनी मिळाले? तोपर्यंत खर्च कोणी केला? कोणता प्रयत्न सोडून द्यावा लागला? या माणसाबरोबर आणखी कोण काम करते? उत्तर मुलाखतीत नसेल तर 'सांगितलेले नाही' असे लिहावे. कोरी राहिलेली जागाही विद्यार्थ्याला काही शिकवते.

त्यानंतर उरलेले दोन वेध गावातच घ्यावेत. त्याच क्षेत्रात नुकताच शिरलेला, दोन-तीन वर्षे झालेला कोणी माजी विद्यार्थी शोधावा. दहा वर्षे झालेला एक शोधावा. जमल्यास ती वाट सोडून आलेल्या एखाद्यालाही सन्मानाने बोलवावे. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या यादीत अशी माणसे निश्चित सापडतील, आणि ती प्रसिद्ध नसल्यामुळे मोकळेपणाने बोलतील.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरविरहित दिवस सुचवले आहेत. स्थानिक कारागीर आणि व्यावसायिक यांच्याबरोबर मुलांनी काही काळ काम करावे अशी त्यामागची कल्पना आहे. हे दिवस सहलीत घालवू नयेत. घोडबंदर रस्त्यावर ओवळा येथे राजेंद्र ओवळेकर यांनी आपल्या जमिनीवर फुलपाखरांची बाग उभी केली. तेथे जाऊन फुलपाखरे पाहणे ही सहल झाली. कोणत्या फुलपाखराच्या अळीला कोणती वनस्पती लागते याची नोंद करणे, रोपांना पाणी घालणे आणि देखभालीला किती हात व किती वेळ लागतो हे विचारणे, ही कामाची ओळख झाली. कल्याणचे रेल्वे लोकोशेड, डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील एखादी तपासणी प्रयोगशाळा, ठाण्याच्या खाडीवरची पक्षिगणना, नाट्यगृहातील प्रकाशयोजना, अशा जागा प्रत्येक शाळेच्या तासाभराच्या अंतरात आहेत. परवानगी मिळवण्यास खेटे घालावे लागतील. पण एक दिवस हाताने केलेले काम दहा मुलाखतींपेक्षा अधिक सांगते, विशेषतः "हे मला आवडत नाही" हे.

यावर एक आक्षेप येईल. इतका हिशेब मांडला तर मुलांचा उत्साह मावळणार नाही का? आधीच पालक घाबरलेले. त्यात शिक्षकांनीच खड्डे दाखवले तर पुन्हा सगळे अभियांत्रिकीच्याच रांगेत! हा धोका मला मान्य आहे. पण पालकांची भीती माहितीतून आलेली नाही, माहितीच्या अभावातून आलेली आहे. "मला चित्रपटाचे ध्वनिमुद्रण करायचे आहे" असे म्हणणाऱ्या मुलीजवळ फक्त उत्साह असेल तर घरातील पहिल्याच प्रश्नाला ती गप्प होईल. पहिली तीन वर्षे कशी जातात, शिकायला कोठे जायचे, काय मिळते आणि जमले नाही तर परतीची वाट कोणती, हे तिने स्वतः चार जणांना विचारून लिहून आणले असेल, तर वडिलांना तिच्याशी बोलावेच लागेल.

संशोधनाबद्दल मला आज विचारले तर मी हेच करतो. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये झाली आहे, ती मिळण्यासाठी पात्रता परीक्षा द्यावी लागते, पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे सहज लागतात आणि त्यानंतरही कायम नोकरीची हमी नसते, हे मी आधी सांगतो. मग प्रयोगशाळेतल्या आनंदाबद्दल बोलतो. ऐकणाऱ्यांतले काही उठून जातात. जे बसून राहतात त्यांचे प्रश्न मात्र फार चांगले असतात.

'वेध'ने तीस वर्षांहून अधिक काळ आपल्या मुलांना आकाशाकडे मान वर करून पाहायला शिकवले. उरलेले दोन वेध घेण्याचे काम त्या संस्थेचे नाही. ते आपले, शिक्षकांचे आणि माझ्यासारख्या पाहुण्या वक्त्यांचे आहे. डोंबिवलीच्या त्या मुलीला मी अजून उत्तर दिलेले नाही. तिच्यासारखा प्रश्न तुमच्या वर्गात कोणी विचारला, तर तो विनोदावारी नेऊ नका. त्या तासापुरता तोच अभ्यासक्रम समजा.